अर्धी सांगितलेली गोष्ट

आमची थोरली मुलगी नेमकं काय काम करते, हे पाहुण्यांना सांगताना आमची नेहमी पंचाईत व्हायची. आमच्यापैकी एकजण म्हणायचा, "नर्स आहे." दुसरीला ते अपुरं वाटायचं, म्हणून ती पुस्ती जोडायची, "अँब्युलन्सवर असते." त्यावर पाहुणे हमखास विचारायचे, "म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी बसते?" तेवढ्यात चहा यायचा आणि विषय बदलायचा.

आम्ही म्हणजे तिचे अब्बा आणि अम्मी. हे आम्ही दोघांनी मिळून लिहिलं आहे. आठवणी दोघांच्या, अक्षर एकीचं, आणि ज्या चुकीबद्दल पुढे सांगायचं आहे तीही दोघांची.

आम्ही निपाणीचे. इथून कोल्हापूर ४० किलोमीटर, बेळगाव ७५च्या आसपास. घरात बोलणं मराठी आणि दखनी, सरकारी कागद मात्र कन्नडमध्ये. कर्नाटकात १०८ची अँब्युलन्स २००८ साली सुरू झाली. तिच्यात दोन माणसं असतात. एक गाडी चालवणारा, त्याला ते लोक 'पायलट' म्हणतात. दुसरा मागे रुग्णाजवळ बसणारा ईएमटी, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. आमची मुलगी ती. महाराष्ट्रात २०१४ला जी १०८ सुरू झाली तिच्यात डॉक्टर असतात, त्यामुळे कोल्हापूरचे आमचे नातेवाईक हिलाही डॉक्टरीणबाई म्हणून मोकळे होतात. ती दर वेळी सांगते, "मी डॉक्टर नाही." जीएनएम नर्सिंग केलं, मग बेंगळुरूला प्रशिक्षण घेतलं. रक्त थांबवणं, श्वास चालू ठेवणं, बंद पडलेल्या छातीवर दाब देणं, वेळ आली तर गाडीतच बाळंतपण करणं, हे ती करते. औषध द्यायची वेळ आली की नियंत्रण केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावते, रुग्णाची नाडी, ब्लडप्रेशर, त्रास सगळं सांगते, ते जे म्हणतील ते देते आणि किती वाजता काय दिलं ते लिहून ठेवते.

तिनं ही नोकरी धरली तेव्हा आम्ही खूश नव्हतो. बारा बारा तासांची ड्युटी, आठवड्याआड रात्रपाळी. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावायचा. एक चांगलं स्थळ याच कारणावरून परत गेलं. घरात बरेच दिवस अबोला होता. शेवटी आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांनीच एकदा हजरत रुफैदा रजि. यांची आठवण काढली. मदिन्यात मस्जिदे नबवीजवळ त्यांचा तंबू होता, खंदकच्या लढाईत जखमी झालेले हजरत साद बिन मुआज रजि. यांना त्याच तंबूत ठेवलं होतं. इमामसाहेब एवढंच बोलले आणि वुजू करायला गेले. आम्ही गप्प बसलो. राजी झालो असं म्हणणार नाही, पण त्या दिवसापासून तिचा डबा भरायला लागलो.

आता मूळ गोष्ट.

मागच्या रमजानमधली. आखरी अशरा लागला होता. उन्हाचा कडाका. असरची नमाज होऊन गेली होती आणि इफ्तारला अजून सव्वा तास होता. मुलगी रात्रपाळी करून आली होती आणि आतल्या खोलीत झोपली होती. शेजारचे चाचा तंबाखूच्या वखारीत हिशेबाला आहेत, ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. अंगातला सदरा घामानं भिजलेला. म्हणाले, "सहेरीला पराठे जरा जास्त झाले. पित्त चढलंय." छातीवर मूठ ठेवून बोलत होते. आम्हाला दोघांनाही ते पित्तच वाटलं. आम्ही पंखा लावला आणि म्हणालो, इफ्तारला ताक घ्या, उतरेल.

पाणी प्यायला उठलेली मुलगी दारात आली (तिला त्या दिवशी रोजा नव्हता). चाचांकडे पाहिलं आणि तिची झोप उडाली. पुढे तिनं आम्हाला सांगितलं की दुखणं त्यांनी बोटानं दाखवलं असतं तर ती एवढी घाबरली नसती. त्यांनी पूर्ण मूठ छातीवर धरली होती, चेहरा राखेसारखा झाला होता आणि घाम कपाळावर थंड होता. तिनं पहिलं काम केलं ते १०८ला फोन. आम्ही म्हणालो, "तूच बघ ना, तुलाच येतं सगळं." ती म्हणाली, "अब्बा, मी आत्ता ड्युटीवर नाही. आत्ता मी शेजारीण आहे. आधी गाडी, मग बाकी."

चाचा घरी जायला उठत होते. समोरच तर दार, दहा पावलं. तिनं त्यांना उठूच दिलं नाही. भिंतीला टेकवून बसवलं, पाय दुमडून, सदऱ्याची बटणं काढून. हृदयाला रक्त कमी पडत असताना माणसाला चालायला लावायचं म्हणजे थकलेल्या बैलाला चढावर गाडी ओढायला लावणं, असं तिचं म्हणणं. आमच्या गल्लीत आजवर किती लोकांना "जरा फिरा, गॅस सुटेल" असा सल्ला आम्ही दिला असेल, त्याची मोजदाद नको.

मग तिनं फोनवर डॉक्टरांशी बोलता बोलता चाचांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. दुखणं कधीपासून? हाताकडे, जबड्याकडे जातंय का? पाठीत चिरल्यासारखं वाटतंय का? ॲस्पिरिननं कधी अंगावर गांधी उठल्या, दम लागला? दमा आहे? पोटात कधी अल्सर, संडासला कधी काळी? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे? हात, पाय, तोंड वाकडं झालं होतं कधी? आज काही घेतलं का? आणि एक प्रश्न तिनं आम्हाला सगळ्यांना बाजूला करून, मान खाली घालून विचारला. जाहिरातीत दिसणारी, पुरुष कुणाला सांगत नाहीत ती गोळी या दोन दिवसांत घेतली आहे का? आम्ही नंतर तिच्यावर रागावलो, बापाच्या वयाच्या माणसाला असं विचारतात का म्हणून. तर म्हणाली, तिच्यावर जिभेखालची सॉर्बिट्रेट पडली तर ब्लडप्रेशर एकदम तळाला जातं, माणूस हातचा जातो. लाज मी गिळायची, जीव त्यांचा जायला नको.

सगळ्याची उत्तरं 'नाही' आली. फोनवरच्या डॉक्टरांनी होकार दिला. आमच्या घरात दादीची ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन रोजची चालू असते, तिच्या डब्यातल्या चार गोळ्या काढल्या. ३०० मिलिग्रॅम. चावून खायच्या.

आणि चाचा म्हणाले, "मगरीबला तास राहिलाय. रोजा तोडणार नाही."

आम्हाला वाटलं ती जबरदस्ती करेल. तिनं केली नाही. शुद्धीवर असलेल्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध औषध देता येत नाही, हा तिच्या कामाचा नियम आहे. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि सावकाश सांगितलं. हृदयाच्या नळीत आतून चीर पडते. शरीराला वाटतं जखम झाली, म्हणून रक्तातले बारीक कण तिथं धावतात आणि एकमेकांना चिकटून नळीच बंद करतात. ही गोळी त्या कणांना चिकटू देत नाही. झालेली गुठळी ती विरघळवत नाही, दुखणंही लगेच थांबवत नाही, पण गुठळी वाढायची थांबते. तास म्हणजे फार झाला, चाचा. तुम्ही नाही म्हणालात तर मी देणार नाही, पण नाही म्हणण्याआधी हे ऐका.

चाचा आमच्याकडे बघत होते. आमच्यापैकी एकाला तेव्हा जे सुचलं ते असं की, कुरआनात रोजे फर्ज केल्याचं जिथं सांगितलं आहे तिथंच आजारी माणसाला ते नंतरच्या दिवसांत पुरे करायची सवलत आहे. चाचांना हे आमच्याहून जास्त माहीत होतं. तरी त्यांनी इमामसाहेबांना फोन लावायला सांगितलं. इमामसाहेबांनी अर्धंच ऐकलं आणि ओरडले, "मला कसला फोन करताय? गोळी द्या!"

चाचांनी बिस्मिल्लाह म्हणून चार गोळ्या चावल्या. रडले. आजवर आजारपणात सुद्धा एक रोजा चुकला नव्हता, म्हणत राहिले.

गाडी आली तेव्हा तिच्यातला ईएमटी तिच्याच ओळखीचा पोरगा होता. तिनं त्याला नमस्कार, सलाम काही केलं नाही. आधी एक चिठ्ठी हातात दिली. त्रास कधी सुरू झाला, किती ॲस्पिरिन, किती वाजता, काय काय विचारलं, काय उत्तर आलं. तोंडी पण सांगितलं आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं. पुढे कुणी पुन्हा तेच औषध देऊ नये म्हणून. चाचींनी "ऑक्सिजन लावा, ऑक्सिजन" असा धोशा लावला होता. त्या पोरानं बोटाला यंत्र लावून पाहिलं, प्राणवायू पुरेसा होता, म्हणून लावला नाही. तेही आम्हाला नवीनच.

सरकारी दवाखान्यात ईसीजी निघाला, हार्ट अटॅकच होता. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं आणि मग बेळगावला नेलं. आता कर्नाटकात अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावानं हृदयज्योती योजना आहे. २०२१ साली ते वयाच्या ४६व्या वर्षी हृदयविकारानं गेले. त्या योजनेत तालुक्याच्या दवाखान्यात काढलेला ईसीजी दूरचे डॉक्टर बघतात आणि ते महागडं इंजेक्शन मोफत मिळतं. चाचा वाचले, अल्हम्दुलिल्लाह. राहिलेले रोजे त्यांनी डॉक्टरांना विचारून डिसेंबरच्या छोट्या दिवसांत कजा केले.

इथपर्यंतची गोष्ट आम्ही वर्षभर सांगत होतो.

आणि कशी सांगत होतो! प्रत्येक दावतीत, प्रत्येक वलिम्यात. ज्या नोकरीपायी स्थळ परत गेलं होतं, त्याच नोकरीचं आता आम्हाला कौतुक मिळत होतं, ते सोडवत नव्हतं. मुलीच्या वहीतून एक परदेशी अभ्यासही आम्ही पाठ करून ठेवला होता. १९८८ साली छापून आलेला, १७,००० हून जास्त हार्ट अटॅकच्या रुग्णांवरचा. ॲस्पिरिन न दिलेल्या दर १,००० जणांत पाच आठवड्यांत ११८ दगावले, दिलेल्यांत ९४. म्हणजे हजारामागे २४ जीव, आणि तेही रुपया दोन रुपयांच्या गोळीत. ऐकणारे थक्क व्हायचे. मग आम्ही शेवट करायचो, "छातीत दुखलं की विचार करत बसू नका. चार गोळ्या चावायच्या. बस्स."

लोकांनी खिशात पट्ट्या ठेवायला सुरुवात केली. आम्हाला आनंद वाटला.

मुलीनं दोनदा टोकलं होतं. "अम्मी, तुम्ही फोन सांगत नाही. प्रश्न सांगत नाही." आम्ही म्हणालो, एवढं सगळं कोण ऐकतं? गोष्ट रंगते ती गोळीनं.

पुढचं जे आहे ते त्या घराची परवानगी घेऊन लिहीत आहोत, आणि ओळख पटेल अशा दोन-तीन बाबी बदलल्या आहेत. मुलीनं यातलं एक अक्षर आम्हाला सांगितलं नव्हतं. रुग्णाच्या घरातलं बाहेर बोलायचं नाही, आई-बापाजवळही नाही, हे तिनं पहिल्या दिवसापासून पाळलं आहे. आम्हाला हे कळलं ते त्या घरातल्या भाच्याकडून.

पावसाळ्याचे दिवस होते. त्याच्या मामूंना, वय साठीच्या आतबाहेर, पहाटे एकदम दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाठीत असह्य कळ आली. कुणीतरी आतून कापड फाडावं तशी, असं ते म्हणाले होते. कळ छातीकडेही येत होती. ब्लडप्रेशर त्यांना बरेच वर्षांचं, गोळ्या मधूनमधून सोडायचे. भाचा आमच्या एका वलिम्यातल्या टेबलावर शेजारी बसून ती गोष्ट ऐकून गेलेला. त्यानं खिशातली पट्टी काढली आणि चार गोळ्या चावायला दिल्या. १०८ला फोन त्यानंतर. कळ थांबेना म्हणून घरात कुणीतरी आणखी एक दिली.

गाडी घेऊन जी ईएमटी आली ती आमचीच मुलगी.

तिनं मामूंना पाहिलं, प्रश्न विचारले, दोन्ही हातांचं ब्लडप्रेशर घेतलं. ती नेहमी घेत नाही, पण पाठीतली फाटल्यासारखी कळ ऐकून घेतलं. उजव्या हातात १८० होतं, डाव्यात १३०. तिनं केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी आतून चिरत गेली की असं होऊ शकतं. वरून ते हार्ट अटॅकसारखंच दिसतं. पण तिथं ॲस्पिरिन द्यायची नसते, कारण तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ येते आणि रक्त गोठायला हवं असतं. डॉक्टर म्हणाले, ॲस्पिरिन नको, रक्त पातळ करणारं काही नको, मोठ्या दवाखान्यात चला, तिथं आधी कळवून ठेवतो.

घरातल्या लोकांना ते कळेना. चाचांना हिनंच तर गोळी दिली होती. मग यांना का नाही? कुणी म्हणालं, शेजाऱ्याला दिली, आमच्या माणसाला देत नाही. कुणी हात धरला. ती शांत राहिली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "मी यायच्या आधी काही दिलं का?"

सगळे म्हणाले, "नाही."

दोनदा विचारलं. दोनदा नाही.

भाचा आमच्यासमोर बसून हे सांगत होता तेव्हा त्याचे हात थरथरत होते. म्हणाला, "खाला, ती गोळी द्यायची नाही असं ऐकलं आणि माझी दातखीळच बसली. वाटलं, खरं सांगितलं तर सगळं माझ्यावर येईल." तिनं कागदावर लिहिलं, आधी ॲस्पिरिन दिलेली नाही. तोच कागद दवाखान्यात गेला. तिथं सीटी स्कॅन झालं आणि तीच शंका खरी निघाली. शस्त्रक्रियेच्या तयारीत तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा विचारलं तेव्हा भाच्यानं खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवली. पाच घरं रिकामी.

मामू त्याच रात्री वारले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

गोळ्यांनी गेले का? डॉक्टरांनी त्या घराला सांगितलं की ही चीरच अशी असते की वेळेत पोचलेलीही अनेक माणसं हातून जातात, त्या पाच गोळ्यांवर बोट ठेवता येणार नाही. भाच्याला यावर झोप लागत नव्हती. त्या दिवसापासून आम्हालाही लागत नव्हती.

गल्लीत मात्र उलटंच पसरलं. "पोरीनं गोळी दिली नाही." जनाज्याच्या दिवशी दोन माणसांनी आमच्या सलामला उत्तर दिलं नाही. मुलीच्या वरिष्ठांकडे तोंडी तक्रारही गेली. तिच्या कागदावरची नोंद आणि दवाखान्यातली नोंद जुळत नव्हती, त्याचा तिला जबाब द्यावा लागला. फोनवरचं बोलणं नोंदलेलं होतं, त्यात तिचा प्रश्न आणि मागून आलेलं "नाही" ऐकू येत होतं, म्हणून ती सुटली. हे सगळं चालू असताना ती घरात येऊन आंघोळ करून जेवायची आणि झोपायची. एकदाच म्हणाली, "माझ्या कागदावर खोटं लिहिलं गेलं." आम्ही विचारलं, कसलं खोटं? तर म्हणाली, काही नाही.

ती कुठल्याही क्षणी बाहेर जाऊन म्हणू शकली असती की, गोळ्या तर तुम्हीच दिल्या होत्या. गल्लीचं तोंड बंद झालं असतं. नाही म्हणाली. रुग्णाच्या अंगाखालची चादर आणि त्याच्या घरातली गोष्ट, दोन्ही आमच्याकडे अमानत असतात, एवढंच तिचं उत्तर. आम्हाला अमानत हा शब्द लहानपणापासून पाठ. पैशाच्या बाबतीत तो सांभाळलाही असेल. पण आम्ही वर्षभर दावतीत जे करत होतो ते चाचांच्या आजारपणाचा बाजार मांडणंच होतं, त्यांना एकदाही न विचारता. चाचा कधी बोलले नाहीत. आता विचारलं तर म्हणाले, "मी रडलो ते तरी सांगायला नको होतं."

आम्ही त्या घरी गेलो. भाच्यानं आपल्या मामींना आधीच सगळं सांगितलं होतं. आम्ही म्हणालो, ते त्याच्या खिशात आमच्या बोलण्यानं आलं होतं. मामी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्ही वाईट सांगितलं नव्हतं. अर्धं सांगितलं होतं." आणि या मासिकात लिहा म्हणाल्या, त्या घरी हे मासिक येतं.

म्हणून उरलेलं अर्धं लिहितो, मुलीकडून तपासून घेऊन. हे वाचून कुणी ॲस्पिरिनला घाबरू नये. छातीत दाब, थंड घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, हे बहुतेक वेळा हृदयाचंच असतं आणि तिथं ती गोळी खरंच जीव वाचवते. मधुमेही माणसाला आणि बायकांना कधी छातीत न दुखता नुसता दम, मळमळ किंवा गळून गेल्यासारखंही वाटतं. पण गोळीच्या आधी फोन. फोनवर जे विचारतील त्याची खरी उत्तरं, लाज न धरता. ॲस्पिरिनची ॲलर्जी, गोळी घेऊन उठणारा दमा, अल्सर किंवा कुठूनही रक्त जाणं, तोंड-हात लुळं पडणं, पाठीत फाटल्यासारखी कळ, रक्त पातळ करायची गोळी चालू असणं, यातलं काहीही असेल तर ते आधी सांगायचं, गोळी डॉक्टर म्हणतील तरच. बेशुद्ध किंवा गुंगीतल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, घशात अडकतं. चावायची कशासाठी, तर आपल्याकडच्या बऱ्याच ॲस्पिरिनच्या गोळ्यांवर पोटाला त्रास होऊ नये म्हणून वेष्टन असतं, तशी गिळली तर ती उशिरा विरघळते. सॉर्बिट्रेट शेजाऱ्याच्या खिशातून घेऊन जिभेखाली ठेवायची नाही. माणसाला चालवायचं नाही. स्वतःच्या मोटरसायकलवर मध्ये बसवून न्यायचं नाही, हे तर नाहीच. आणि गाडी आली की जे दिलं ते सांगायचं. चुकून दिलं असेल, जास्त दिलं असेल, तरी सांगायचं. तिथं आलेली मुलगी किंवा मुलगा रागवायला आलेला नसतो.

मागच्या आठवड्यात तो भाचा घरी आला होता. मुलीनं चाचांना एक कार्ड करून दिलं आहे, पोस्टकार्डाएवढं, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. कुठले आजार, कुठल्या गोळ्या, कशाची ॲलर्जी, घरच्यांचा फोन. चाचा ते पाकिटात आधारकार्डाच्या मागे ठेवतात. तसंच कार्ड त्याला मामींसाठी हवं होतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून त्यानं ते भरायला घेतलं. नाव झालं, वय झालं, शुगरची गोळी झाली. 'कुठल्या औषधाचा त्रास' या ओळीवर तो थांबला. आमच्यापैकी एकजण म्हणणार होता, नसेल काही, पुढं लिही. तेवढ्यात त्यानं स्वतःच मोबाईल काढला आणि मामींना फोन लावला. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. तो "हां, हां" करत लिहीत होता, आणि त्या एका ओळीत मावेना म्हणून त्यानं कार्ड उलटं केलं.